लाइव्ह एज टेबलासाठी फळी घेताय? या चुका टाळा

लाइव्ह एज टेबल म्हणजे झाडाचा नैसर्गिक, वेडावाकडा काठ तसाच ठेवलेलं टेबल. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात किंवा शहराबाहेरच्या एखाद्या वखारीत फळी दाखवताना तिच्यावर ओला फडका मारतात. रेषा उजळतात, गिऱ्हाईक तिथेच विरघळतं आणि लाकूड वाळलंय का हा प्रश्न राहून जातो. ओल्या केलेल्या पृष्ठभागावर ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरचा आकडाही खरा येत नाही. म्हणून आधी कोरडी फळी मोजा, रेषांचं कौतुक नंतर.

घरातल्या फर्निचरला ओलावा ८ ते १२ टक्के असावा. साधा खिळेवाला मीटर वरचे काही मिलिमीटरच वाचतो. वरून ११ दाखवणारी दोन इंची फळी आतून २० असू शकते. उघड्यावर वाळताना दर इंच जाडीला वर्षभर हा सुतारांचा ढोबळ हिशेब, त्यामुळे ‘चार महिने शेडमध्ये होती’ या वाक्याला फार किंमत देऊ नका. टोकापासून अर्धा फूट आत काप मारून त्या नव्या तोंडावर मीटर लावू द्यायला विक्रेता तयार असेल, तर माणूस भरवशाचा. भट्टीत सीझन केलेली फळी महाग पडते, पण माझ्या मते पैसे तिथेच घालावेत.

पुण्याची हवा यात वाईट परीक्षक. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतं, एप्रिलच्या कोरड्या दुपारी आकसतं, तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाही. पाय पक्के स्क्रूने आवळले तर तीन फुटी फळी तडकणारच. लोखंडी पायांच्या पट्टीत स्क्रूची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट हवीत. पॉलिशही दोन्ही बाजूंना हवं. वर चकाचक आणि खाली कोरडं ठेवलं की टेबलाची पन्हळ होते.

फळीच्या तोंडावरची वर्तुळं पाहा. झाडाचा मधला गाभा फळीत आला असेल तर तिथून चीर जाणार, हे धरून चाला. चीर आधीच असली तरी बिघडत नाही, वाढती नसावी. फळी स्थिर झाल्यावर डमरूच्या आकाराचे लाकडी तुकडे चिरेवर आडवे बसवतात. ओल्या चिरेत इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) ओतणं म्हणजे दुखणं झाकणं. ती नीट चिकटतही नाही.

ज्या नैसर्गिक काठासाठी एवढा खटाटोप, ती कडा सालीलगतच्या फिकट, कोवळ्या लाकडाची असते आणि किडीचं आवडतं खाणं तेच. बारीक भोकांतून पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल तर फळी सोडा. आंब्याच्या लाकडात हे जास्त बघावं लागतं. साल ठेवण्याचा मोह टाळा. आज ना उद्या ती सुटते. ती काढून, कडेला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी देऊन, पुरतं वाळल्यावरच पॉलिश.

वादळात पडलेल्या रेन ट्रीचा (पर्जन्यवृक्षाचा) ओंडका कुणी देऊ करतो. लाकूड चांगलं, रुंदही मिळतं. पण आधी परवानगीचे कागद बघा, आणि रस्त्याकडेच्या झाडात फलकांचे जुने खिळे शोधा: करवत जाते, आणि लोखंडाने लाकडात निळे-काळे डागही उतरतात. गुलमोहोराच्या नादी मात्र लागू नका, लाकूड कमकुवत.

मापात घोळ ठरलेला. भाव घनफुटावर, काठ वेडावाकडा. रुंदी तीन ठिकाणी मोजून सरासरी धरा. सपाट करताना जाडी जाते. दीड इंच हवी असेल तर दोन इंची घ्या, फळीला पीळ असेल तर त्याहून जाड.

आणि जिना. सहा बाय तीन फुटी, दोन इंची रेन ट्रीची फळी साधारण ५० किलो भरते, चिंचेची बरीच जास्त. आठ फुटी फळी सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावेल असं गृहीत धरू नका. आगाऊ रक्कम देण्याआधी लिफ्ट आणि जिन्याचं वळण टेपने मोजा.