कॉइलओव्हर बसवताय? रस्त्यावर आणि ड्रॅग स्ट्रिपवर नडणाऱ्या या चुका टाळा

कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारं, स्प्रिंग आणि शॉकअपचं किट. ते घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाडी किती खाली बसेल?" किट विकणाराही खुशीत सांगतो, "साठ मिलिमीटर, हवं तर सत्तर." शॉकअपच्या दांड्याला वर-खाली व्हायला त्यातून किती जागा उरणार, हे मात्र कोणी विचारत नाही. नंतरच्या बहुतेक तक्रारी तिथूनच येतात. खड्ड्यात धाडकन आवाज, वर्षभरात गळायला लागलेले शॉकअप, घाटात बिचकणारं मागचं टोक, सगळं त्यातच आलं.

उदाहरणाला फोक्सवॅगन पोलो घेऊ. टर्बो पेट्रोल पोलो रोज ऑफिसला न्यायची आणि जमेल तेव्हा लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन'ला, म्हणजे सरळ रेषेत पळण्याच्या ड्रॅग शर्यतीला, पळवायची, असे हौशी लोक पुण्या-मुंबईत आहेत. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई); मागे स्प्रिंग एकीकडे आणि शॉकअप दुसरीकडे. व्हेंटो आणि रॅपिडचं गणित हेच. स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

स्प्रिंग आवळली म्हणजे कडक झाली, हा गैरसमज

बाजारात दोन प्रकारची किट मिळतात. स्वस्त प्रकारात स्प्रिंगखालची आट्यांची कडी, म्हणजे कॉलर, फिरवूनच उंची बदलते. शॉकअपची लांबी तेवढीच राहते, त्यामुळे गाडी जितकी खाली, तितकी दांड्याची वरची चाल कमी. महागड्या प्रकारात खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो. उंची तिथून ठरवायची आणि स्प्रिंगची कॉलर एकदा बसवली की तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या प्रकारचं किट घेऊन पहिल्या प्रकारासारखं वापरणारे कमी नाहीत.

आकडे घालून बघा. पोलोच्या पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक-ब्रेक सोडून, साधारण ३०० किलो वजन येतं. स्प्रिंग ६ किलो प्रति मिमीची असेल तर गाडी जमिनीवर टेकल्यावर ती ५० मिमी दबते. आता कॉलर वर घेऊन स्प्रिंग आधीच १० मिमी आवळून ठेवली. पहिले ६० किलो येईपर्यंत शॉकअप हलणार नाही आणि उभ्या गाडीत दांडा ५० ऐवजी ४० मिमीच आत जाईल. म्हणजे चाक खड्ड्यात उतरायला ४० मिमीच उरले. स्प्रिंग मात्र पूर्वीइतकीच, ६ किलोचीच. कडकपणा हवा असेल तर दुसरी स्प्रिंग घ्यावी लागते, पाना फिरवून तो मिळत नाही.

उलट कॉलर फार खाली नेली की जॅकवर चाक लोंबकळताना स्प्रिंग हाताने गोल फिरते. मागे तर ती जागेवरून निसटतेसुद्धा. मूळ लांबीचे शॉकअप ठेवून मागे आखूड स्प्रिंग टाकणाऱ्यांकडे हा प्रकार हटकून घडतो. गाडी जॅकवर घ्यायची, चारही स्प्रिंगा हाताने हलवून बघायच्या. एक जरी खुळखुळली तरी त्या उंचीवर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

चाल किती वापरली जाते ते मोजायला एक केबल टाय पुरतो. डस्ट बूट (दांड्यावरचं रबरी कव्हर) वर सरकवून दांड्याभोवती, शॉकअपच्या नळीला टेकून तो घट्ट बांधा आणि नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या खड्ड्यांतून फिरून या. परत आल्यावर टाय नळीपासून जितका वर सरकलेला दिसेल तितकी चाल वापरली गेली. तो बम्प स्टॉपला (दांड्याच्या वरच्या टोकाच्या रबरी ठोकळ्याला) जाऊन चिकटला असेल तर गाडी वर घ्या. बम्प स्टॉप कापून जागा करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तो नसला की पिस्टन थेट आतल्या व्हॉल्व्हवर आदळतो.

गतिरोधकांचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे १७ मीटर त्रिज्येचा सौम्य उंचवटा. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे २.४७ मीटर अंतर आहे. तेवढ्यात तो उंचवटा गाडीच्या पोटाकडे जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. ४० मिमी खाली बसवलेली पोलो त्यावरून निवांत जाते. अडतं ते सोसायटीच्या गेटसमोर कोणीतरी घातलेल्या पाऊण मीटर रुंदीच्या, १२-१३ सेंटिमीटर उंच सिमेंटच्या ओट्यावर, कारण तिथे सगळीच उंची पोटाखाली येते. मूळच्या सुमारे १६५ मिमीतून ४० गेले, वर चार माणसं आणि बॅगा, उरलं काय? रोजच्या गाडीला २५ ते ३० मिमी पुष्कळ झाले, असं माझं मत.

बसवतानाच्या चुका

सगळ्यात महागात पडणारी चूक दिसतही नाही. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत, आणि मेकॅनिक लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचे), मागच्या बीमचे, शॉकअपच्या खालच्या बुशचे बोल्ट पूर्ण आवळून मोकळा होतो. रबरी बुश त्याच स्थितीत पकडला जातो. गाडी खाली उतरली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. शिवाय त्या पिळामुळे गाडी थोडी उंच बसते, मग मालक म्हणतो कॉलर अजून खाली घ्या. हे बोल्ट आधी हाताने लावायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, रॅम्पवर किंवा हबखाली (चाक ज्यावर बसतं त्या भागाखाली) जॅक लावून, टॉर्क रेंचने आवळायचे. टॉर्कचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. फोक्सवॅगनचे सस्पेन्शनचे बरेच बोल्ट टॉर्क देऊन वर ठरावीक कोनात फिरवायचे असतात आणि ते एकदाच वापरायचे असतात. नवे बोल्ट किटच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

वरचा नट एअर गनने लावू नका. गनच्या झटक्याने दांडा आत गरगर फिरतो आणि सील घासलं जातं. दांड्याच्या टोकाला ॲलन की धरायची आणि नट पान्याने फिरवायचा. दांडा फिरू नये म्हणून त्याला ग्रिप प्लायर लावणारे महाभागही आहेत. क्रोमवर नखाएवढा ओरखडा पडला तरी प्रत्येक धक्क्याला तो सील खरवडतो, आणि पावसाळा संपायच्या आत शॉकअप तेलाने ओला.

पोलोचा स्ट्रट खाली हबच्या कास्टिंगमधल्या फटीत, चिमट्यात धरल्यासारखा बसतो. ती फट उघडायला खास चावी मिळते. छिन्नी ठोकून उघडली तर कास्टिंगला तडा जाऊ शकतो. स्ट्रट पूर्ण खाली गेला आहे आणि त्याच्या पाठीवरची पट्टी खाचेत बसली आहे, हे टॉर्च लावून बघा. दोन्हीकडे पाच-सहा मिलिमीटरचा फरक राहिला तर पुढे अलाइनमेंटवाला डोकं धरून बसेल.

जुन्या स्ट्रटचा टॉप माउंट (वरची रबरी बैठक) आणि बेअरिंग पुन्हा वापरायची काटकसर करू नका. आणि जुनी स्प्रिंग उतरवताना दोन चांगले स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर लावा. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

शेवटी एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज. किटवरचे ब्रॅकेट मूळ जागेशी जुळतातच असं नाही, मग वायर केबल टायने कुठेतरी अडकवली जाते. चाक लोंबकळत असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मग चाक जॅकने वर ढकलून पुन्हा तेच करा. वायर ताणली किंवा टायरला लागली तर जागा बदला. स्टॅबिलायझरचे (गाडी वळणात फार कलू नये म्हणून दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीचे) लिंक रॉड जोडताना दोन्ही चाकं एकाच पातळीवर हवीत. एक वर, एक खाली असताना जोडले तर दांडी पिळूनच बसते.

ड्रॅगच्या दिवशी

इथे नुकसान करतो तो इंटरनेटवरचा अमेरिकन सल्ला. 'पुढचे शॉकअप ढिले सोडा, नाक उचलू द्या, वजन मागे जाऊ द्या.' मस्टँगला तो बरोबर आहे, कारण तिची ताकद मागच्या चाकांत आहे. पोलोत नाक उचललं की ज्या चाकांनी गाडी ओढायची त्यांच्यावरचंच वजन उतरतं.

किती उतरतं? ११०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर, सुटतानाचा प्रवेग अर्धा 'जी', म्हणजे गुरुत्वाच्या निम्मा, धरला तर सुमारे १२० किलो पुढून मागे जातात. हा आकडा स्प्रिंगच्या कडकपणाने बदलत नाही. त्यात येतात फक्त वजन, प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस. गाडी ३० मिमी खाली केली तर त्यातले जेमतेम सात किलो वाचतात. कॉइलओव्हर लावले म्हणजे ग्रिप मिळाली, या समजुतीला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

कॉइलओव्हरचा उपयोग वेगळा आहे. मागचं टोक किती पटकन आणि किती खोल बसतं, नाक किती वेगाने उठतं, यावर ताबा येतो. मागे कडक स्प्रिंग, पुढे रिबाउंड (दांडा बाहेर येताना शॉकअप करतो तो विरोध) थोडा जास्त. थोडाच, पुढचा रिबाउंड टोकाला नेला तर खडबडीत जागी टायर जमिनीवरून उचलला जातो. एकच नॉब असलेल्या पुष्कळ किटमध्ये नॉब मुख्यतः रिबाउंडच बदलतो, त्यामुळे मागचा नॉब पूर्ण आवळून गाडी मागे बसायची थांबत नाही. ते काम स्प्रिंगचं.

लाइनवर पुढची चाकं थडथडतात, तो व्हील हॉप. त्यासाठी शॉकअपला शिव्या देण्याआधी इंजिनला खालून धरणारा डॉगबोन माउंट बघा. तो आणि लोअर आर्मचे बुश ढिले असतील तर चाक पकडतं, सुटतं, परत पकडतं, आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) जायची वेळ येते. डॉगबोनला कडक इन्सर्ट टाकणं हा यातला सगळ्यात स्वस्त इलाज. केबिनमध्ये थोडी थरथर वाढेल.

दिसायला छान म्हणून ठेवलेला दोन-अडीच अंशांचा निगेटिव्ह कॅम्बरही (चाक वरच्या बाजूला आत झुकलेलं) सरळ रेषेत कामाचा नाही, टायरची आतली कडाच तेवढी जमिनीला लागते. फरक कुठे पडला ते टायमिंग स्लिपवरच्या पहिल्या ६० फुटांच्या, म्हणजे १८.३ मीटरच्या वेळेत बघा. पाव मैलाच्या एकूण वेळेत गिअर आणि टर्बोच्या गडबडी मिसळलेल्या असतात.

नॉब पूर्ण कडक करून तिथून मागे क्लिक मोजा, डावी-उजवी सारखी ठेवा, आणि रस्त्याचे व स्ट्रिपचे आकडे फोनमध्ये लिहा. परतीला खंडाळ्याचा घाट उतरायचा असेल तर निघण्याआधी रस्त्याचं सेटिंग परत लावा. मागे कडक, वरून पाऊस, आणि वळणात ॲक्सिलरेटर सोडला, तर मागचं टोक बाहेर निघतं.

आवाज आला तर

छोट्या खाचखळग्यांवर टक-टक आली तर आधी लिंक रॉड, मग वरचा नट, मग लॉक कॉलर तपासा. जागच्या जागी स्टिअरिंग फिरवल्यावर टणकन वाजलं तर स्प्रिंग बसकणीवर सरकतेय किंवा टॉप बेअरिंग उलटं बसलंय. पूर्ण वळणात ॲक्सिलरेटर दिल्यावर कट-कट आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. गाडी खाली गेल्यावर शाफ्टचा कोन वाढतो आणि आधीच झिजलेला जॉइंट बोलायला लागतो.

एक कोपरा खाली दिसतो म्हणून लगेच कॉलर फिरवू नका. जॅकवरून उतरवलेली गाडी टायर घासत असल्यामुळे वरच अडकून राहते. चार-पाच मीटर पुढे-मागे करा, सपाट फरशीवर लावा, आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि फरशीचा उतारही त्यात येतो. अलाइनमेंट त्याच दिवशी एकदा, आणि काहीशे किलोमीटर धावून स्प्रिंगा बसल्या की पुन्हा.

कागदोपत्रीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. विमा कंपनीला न कळवता बदल केला तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला.

आणि कोकणात वरचेवर जाणाऱ्यांनी आट्यांकडे लक्ष द्यावं. लाल माती, खारा वारा आणि ॲल्युमिनियमची कॉलर पोलादी नळीवर. एका पावसाळ्यात ती जाम होते. महिन्यातून एकदा पाण्याने धुऊन नायलॉनच्या ब्रशने आटे साफ करा, जूनच्या आधी अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा. जाम झालीच तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा आणि कॉलरच्या हूक पान्याने थोडी पुढे, थोडी मागे करत सोडवा. गॅसच्या ज्योतीने तापवायला जाऊ नका. आत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन असतो.