पॅकेट जात नसेल, तर आधी वीजपुरवठा तपासा

गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरले आहे, हे तळमजल्यावरच्या पंपापाशी उभे राहून कळावे, एवढ्याच गरजेपोटी मी वायरलेसच्या वाटेला गेले. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या चार मजली इमारतीत सेन्सर आणि आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) यांचे काम दोन संध्याकाळींत झाले. वर-खाली संपर्क जुळवण्यात मात्र सात आठवडे गेले, आणि त्यांतील सहा आठवडे मी दोष भलत्याच ठिकाणी शोधत होते.

वायरलेस मॉड्यूलच्या, म्हणजे रेडिओने निरोप पाठवणाऱ्या छोट्या पट्टीच्या, निवडीत फार वेळ घालवू नका. ४३३ मेगाहर्ट्झची ट्रान्समीटर-रिसीव्हरची स्वस्त जोडी एकतर्फी बोलते, त्यामुळे निरोप पोहोचला की नाही हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. एनआरएफ२४एल०१ प्लस ही चिप एका पॅकेटमध्ये, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यात, जास्तीत जास्त ३२ बाइट पाठवते, पलीकडून पोच आली नाही तर तेच पॅकेट १५ वेळांपर्यंत स्वतःहून पुन्हा पाठवते, आणि शिकण्यासाठी मला तीच सर्वांत योग्य वाटते.

मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन याच चिपचे लांब अँटेनाचे, म्हणजे सिग्नल वाढवणारे पीए-एलएनए प्रकारचे मॉड्यूल आणले आणि नॅनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनला जोडले. लायब्ररीची (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअर-संचाची) प्रिंटडिटेल्स ही आज्ञा सर्व रजिस्टर, म्हणजे चिपमधली सेटिंग साठवणारे कप्पे, बरोबर दाखवत होती, मल्टिमीटरवर ३.२९ व्होल्ट येत होते, आणि तरीही एकही पॅकेट पलीकडे पोहोचत नव्हते. साहजिकच मी कोडवर संशय घेतला. लायब्ररी बदलली, मॉड्यूलचे पत्ते बदलले, इतरांचे तयार कोड जसेच्या तसे उतरवून पाहिले. तयार कोड चिकटवण्याच्या या सवयीविरुद्ध माझे मत आजही कडवे आहे, कारण त्या काळात मी एकही मोजमाप केले नाही.

खरी गोष्ट अशी होती की स्वस्थ असताना हे मॉड्यूल फारच कमी वीज घेते; म्हणून रजिस्टर वाचता येतात आणि सगळे ठीक आहे असे वाटते. पॅकेट पाठवण्याच्या क्षणी मात्र पीए-एलएनए मॉड्यूलची मागणी एकदम १०० मिलिअँपिअरच्या वर जाते, आणि नॅनोची ती पिन जेमतेम ५० मिलिअँपिअर देण्यापुरती असते. त्या क्षणी व्होल्टेज कोसळते, चिप अडखळते आणि पॅकेट हवेत जाण्याआधीच बिघडते. सेकंदाला २५० किलोबिटच्या वेगाने ३२ बाइटचे पॅकेट पाठवायला साधारण सव्वा मिलिसेकंद लागतो. साधा मल्टिमीटर सेकंदातून दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे ही घसरण त्याला दिसणे शक्यच नाही. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडायची पाटी) आणि लांब जंपर वायर यांनी ती आणखी वाढते. हा परिच्छेद पुन्हा वाचा. माझे सहा आठवडे याच सव्वा मिलिसेकंदात गेले आहेत.

एका अनुभवी सीनियरने प्रत्येक वेळी ‘मॉड्यूल डुप्लिकेट असेल, दुसरे आण’ असेच सांगितले, आणि मी तीन मॉड्यूल आणली. ती तिन्ही आज उत्तम चालतात. उलट, तिसऱ्या फेरीत गल्लीतल्या एका वयस्कर दुकानदारांनी विकण्याआधी एवढेच विचारले, ‘ताई, मॉड्यूलच्या पायाशी कपॅसिटर टाकलाय का?’ कपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवून गरजेच्या क्षणी देणारा भाग. उत्तर देण्याआधी असा प्रश्न विचारणारा माणूस भेटला, तर त्याला सोडू नका.

उपाय सोपा आहे, तेव्हा धीर सोडू नका. मॉड्यूलच्या व्हीसीसी (वीज येण्याचा) आणि ग्राउंड या दोन पायांवरच, तारेच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, १० ते १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ध्रुवता (अधिक-उणे टोके) पाहून सोल्डर करा आणि शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा. पीए-एलएनए असेल तर तेवढ्याने भागत नाही; ५ व्होल्टवरून ३.३ व्होल्ट करणारा एएमएस१११७चा स्वतंत्र रेग्युलेटर द्या. मॉड्यूलला थेट ५ व्होल्ट कधीही देऊ नका, ते जळेल. पहिली चाचणी एका खोलीत, दोन मॉड्यूलमध्ये दोन-तीन मीटर अंतर ठेवून आणि सर्वांत कमी पॉवरवर घ्या; ती जमली की मगच मजले चढा.

शेजाऱ्यांच्या वायफायपासून दूर राहण्यासाठी चॅनेल १०० किंवा त्यापुढचे निवडा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका. या चिपचा चॅनेल म्हणजे २४०० मेगाहर्ट्झच्या पुढचा आकडा, आणि भारतात या पट्ट्यात परवान्याशिवाय वापर २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंतच करता येतो; चॅनेल १०० म्हणजे २५०० मेगाहर्ट्झ, त्या हद्दीबाहेर. लायब्ररीतील मूळचा चॅनेल ७६ आमच्या इमारतीत पुरेसा ठरला.

आमच्या टाकीवरचा नॅनो आता दर दहा सेकंदांनी पातळीसोबत एक वाढता क्रमांकही पाठवतो, म्हणजे मधली पॅकेट गळाली तर खाली कळते. पंप आपोआप चालवणार असाल तर एक गोष्ट आजच कोडमध्ये लिहा: सलग ३० सेकंद नवा क्रमांक आला नाही, तर खालच्या नॅनोने शेवटच्या आकड्यावर विसंबून न राहता पंप बंद केलाच पाहिजे.