बीसी ५४७ आणि बायसिंगचा प्रश्न

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा विद्यार्थी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून पहिल्यांदा ट्रान्झिस्टर आणतो, तेव्हा तो बहुधा बीसी ५४७ असतो. हा ४५ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअरपर्यंतचा सिलिकॉनचा एनपीएन ट्रान्झिस्टर असून बीसी ५५७ हा त्याचा उलट ध्रुवतेचा, म्हणजे पीएनपी, जोडीदार आहे. सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरल्यास डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन ३९०४ मध्ये तो नेमका उलटा असतो. अदलाबदल झाली तरी सर्किट पूर्ण बंद पडेलच असे नाही, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते प्रमाण) मात्र अगदी कमी मिळतो, आणि म्हणूनच हा दोष शोधायला वेळ लागतो.

नवोदितांच्या मुलाखती घेताना मी एकच प्रश्न विचारतो: एचएफई (बेसच्या प्रवाहाच्या किती पट प्रवाह कलेक्टरमधून वाहतो तो आकडा) दुप्पट झाला तर कलेक्टरवरचे व्होल्टेज किती बदलेल? बायसिंगचा, म्हणजे सिग्नल नसतानाचे ट्रान्झिस्टरचे प्रवाह व व्होल्टेज ठरवून ठेवण्याचा, हा प्रश्न पुस्तकी नाही, कारण बीसी ५४७ च्या ए, बी आणि सी गटांचा मिळून एचएफई ११० पासून ८०० पर्यंत असू शकतो.

९ व्होल्टचा पुरवठा, कलेक्टरला ४.७ किलोओहम आणि बेसला थेट पुरवठ्यातून १.८ मेगओहम असे सर्किट घ्या, एमिटर जमिनीला (पुरवठ्याच्या ऋण टोकाला). एचएफई २०० असताना कलेक्टरवर सुमारे ४.६ व्होल्ट मिळतात, पण ४०० चा ट्रान्झिस्टर बसवताच तेथे जेमतेम ०.३ व्होल्ट उरतात आणि अ‍ॅम्प्लिफायर संपृक्त अवस्थेच्या (ट्रान्झिस्टर पूर्ण चालू, सिग्नल वाढवायला जागाच नाही) दाराशी येतो. आता बेसला ६८ (पुरवठ्याकडे) आणि १५ किलोओहमच्या (जमिनीकडे) दोन रेझिस्टरचा व्होल्टेज विभाजक द्या व एमिटरला १ किलोओहम जोडा. एचएफई २०० वरून ४०० झाल्यावर कलेक्टरवर होणारा तोच बदल आता दीड दशांश व्होल्टच्या आसपास राहतो. किंमत मोजावी लागते ती गेनमध्ये, जो साधारण ४.७ इतकाच मिळतो. एमिटर रेझिस्टरला समांतर कपॅसिटर लावल्यास तो दीडशेच्या पुढे जातो, मात्र विकृतीही वाढते. मी १ किलोओहमपैकी १०० ओहम मोकळा ठेवून उरलेल्यालाच कपॅसिटर लावतो, म्हणजे ३५ ते ४० चा भरवशाचा गेन हाती येतो.

स्विचिंगचे, म्हणजे ट्रान्झिस्टर नुसता चालू-बंद करण्याचे, गणित याहून सोपे आहे, कारण तेथे एचएफईवर विसंबायचेच नसते. १२ व्होल्टच्या, ४०० ओहम कॉइलच्या रिलेला (विजेने चालणाऱ्या स्विचला) ३० मिलिअँपिअर लागत असतील तर बेसला त्याचा दहावा भाग द्यावा. बेसच्या रेझिस्टरसाठी ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला (एका चिपवरच्या छोट्या संगणकाला) १.२ किलोओहम आणि ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला ८२० ओहम पुरतो. कॉइलवर १एन ४००७ डायोड उलटा जोडावा, कारण रिले बंद होताना उसळणारे व्होल्टेज ४५ ची मर्यादा सहज ओलांडते.