स्मार्ट ग्रिड बसवताना या चुका टाळा: खान्देशच्या लाइनींवरचा हिशेब

पारेषणाच्या जाळ्यात स्मार्ट ग्रिडची नवी प्रणाली, म्हणजे लाइनींची मोजमापं दुरून बघायची आणि ब्रेकर दुरून चालवायची यंत्रणा, बसली की पहिले काही महिने सगळे खूश असतात. भिंतीएवढा स्क्रीन, लाइनींना वेगवेगळे रंग, बोटाच्या टोकावर ब्रेकर (लाइन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच). मग एके दिवशी स्क्रीन एक सांगतो आणि सबस्टेशनच्या यार्डातला मीटर दुसरंच. अशा वेळी बहुतेक जण सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतात. आधी यार्डात जा, असं माझं म्हणणं आहे. दोष पुष्कळदा सीटी (तारेतला मोठा करंट मोजण्याजोगा लहान करणारा ट्रान्सफॉर्मर), बॅटरी, घड्याळ नाहीतर जुन्या नकाशात निघतो. खान्देशात त्यात ऊन-वाऱ्याची भर पडते, आणि ती लहानसहान नाही.

लाइनची क्षमता फक्त वाढते, असं धरून चालणं

तारेतून किती करंट न्यायचा हे ठरवताना आपल्याकडे साधारणपणे हवेचं तापमान ४५ अंश आणि वारा जवळजवळ पडलेला धरतात. हा आकडा म्हणजे वाईटातल्या वाईट दिवसाचा, अशी सगळ्यांची समजूत. तारेचं खरं तापमान आणि वारा मोजून क्षमता दर काही मिनिटांनी नव्याने काढायची, म्हणजे डायनॅमिक लाइन रेटिंग, यामागचा विचारही तोच: एरवी लाइनमध्ये वाव असतो, तो वापरू या.

पण मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या दुपारी वारा पडलेला असेल तर खरी क्षमता ठरलेल्या आकड्याच्याही खाली येते. प्रणाली लावताना 'स्थिर क्षमतेच्या खाली जाऊ नये' अशी अट घातलेली असेल, तर नेमक्या त्याच दुपारी ती खोटं बोलणार. आणि वेळ अशी, की साक्रीकडची सौर वीज जोरात येत असते. तार तापते, झोळ वाढतो. २२० केव्ही लाइनखाली जमिनीपासून सातेक मीटर अंतर राखावं लागतं, आणि खालून चारा-कडबा रचलेली ट्रॉली चाललेली असते. तेव्हा खालची अट काढा, आकडा खाली यायला मोकळा ठेवा.

दुसरी गोम सेन्सरच्या जागेत. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, कारण तिथे वारा आहे. तिथल्या टॉवरवर वारामापक लावायचा आणि त्यावरून अख्ख्या लाइनची क्षमता काढायची, हा हिशेब चुकतो. लाइन पठार उतरून खाली आडोशाला येते, आणि लाइनची क्षमता सगळ्यात गरम गाळ्यावर (दोन टॉवरमधल्या तारेवर) ठरते. दिशाही बघा. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. लाइन पूर्व-पश्चिम धावत असेल तर तो तारेला आडवा न लागता तिच्या लांबीनेच वाहतो, आणि असा वारा आडव्या वाऱ्याच्या निम्म्याहूनही कमी थंडावा देतो. वेग मोजला आणि दिशा सोडून दिली, तर कागदावरची क्षमता फुगलेली निघते.

सीटी बदलला, पण स्काडाला सांगितलं नाही

हा दोष सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात कमी शोधला जातो. समजा ४००/१ चा (४०० अँपिअरचा १ करून देणारा) सीटी काढून ८००/१ चा बसवला. रिलेत (बिघाड ओळखून ब्रेकर उघडणाऱ्या उपकरणात) नवं गुणोत्तर भरलं, मीटरमध्ये भरलं, स्काडाच्या, म्हणजे स्क्रीनवर आकडे दाखवणाऱ्या प्रणालीच्या, डेटाबेसमध्ये जुनंच राहिलं. आता त्या फीडरवर (बाहेर जाणाऱ्या लाइनवर) खरा भार ८० मेगावॅट असला तरी स्क्रीनवर ४० दिसणार. ऑपरेटर म्हणणार, लाइन निवांत आहे.

पकडायला सोपं आहे. बसवर, म्हणजे सगळ्या लाइनी जिथे जोडलेल्या असतात त्या वाहक पट्टीवर, आत येणारं आणि बाहेर जाणारं जुळवा. दोन लाइनींतून १४० आणि ९५ मेगावॅट येतात, म्हणजे २३५. बाहेर ८०, ७५ आणि ४०, म्हणजे १९५. गेले कुठे ४०? तफावत एखाद्या फीडरच्या आकड्याएवढीच निघाली, तर तो फीडर निम्मं दाखवतोय हे जवळपास नक्की. तफावत फीडरच्या आकड्याच्या दुपटीची असेल तर दिशेचं चिन्ह उलटं जोडलंय का ते बघा, वीज बाहेर जात असताना आत येते असं दिसत असेल. स्टेट एस्टिमेटर (सगळी मोजमापं जुळवून ग्रिडची खरी स्थिती काढणारं सॉफ्टवेअर) असं मोजमाप चुकीचं म्हणून बाजूला टाकतो आणि काम रेटून नेतो. म्हणून त्याने कोणती मोजमापं टाकली, ती यादी रोज वाचायची सवय ठेवा. कोणी वाचत नाही.

दळणवळणाची बॅटरी विसरणं

ब्रेकर आणि रिलेच्या ११० किंवा २२० व्होल्टच्या बॅटरीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. ४८ व्होल्टची, दळणवळणाची (माहिती दूर पाठवणाऱ्या उपकरणांची) बॅटरी मात्र कोपऱ्यातल्या खोलीत बेवारस पडलेली. ती पांगळी झाली की एरवी काही कळत नाही, कारण चार्जर सगळं ओढून नेतो. सबस्टेशनचा स्थानिक पुरवठा गेला की थोड्याच वेळात फायबरची उपकरणं बंद, आरटीयू (सबस्टेशनमधले आकडे दूरच्या केंद्राला पाठवणारं यंत्र) गप्प, आणि ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राला तुमचं सबस्टेशन दिसेनासं होतं. ज्या घटकेसाठी ही सगळी यंत्रणा बसवली, त्याच घटकेला ती आंधळी.

आपल्याकडे हिचा वैरी उन्हाळा. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी २७ अंशांच्या हिशेबाने बनलेली असते. तापमान कायम आठ-दहा अंशांनी जास्त राहिलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. फ्लोट व्होल्टेजही (बॅटरी भरलेली ठेवणारं चार्जरचं कायमचं व्होल्टेज) तापमानाबरोबर उतरवावं लागतं, दर अंशाला दर सेलमागे सुमारे ३ मिलिव्होल्ट. २४ सेलचा संच २७ अंशांना ५४ व्होल्टवर असेल, तर ४२ अंशांना तो ५२.९ च्या आसपास हवा. चार्जर हे आपोआप करतो, पण त्याचा तापमान-सेन्सर बॅटरीला चिकटवलेला असेल तरच. पुष्कळ ठिकाणी तो चार्जरच्या मागे, वायरीला गुंडाळून लोंबकळत असतो. पॅनेल उघडा आणि बघा. एसी फक्त कंट्रोल रूमला, बॅटरीच्या खोलीला एक रुसलेला एक्झॉस्ट फॅन, हे चित्रही ओळखीचंच. वर्षातून एकदा चार्जर बंद करून भारावर डिस्चार्ज चाचणी घ्या, आणि ती एप्रिलच्या आत उरका.

घड्याळ

फेजर मापन यंत्रं, म्हणजे ग्रिडच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या व्होल्टेजचा कोन एकाच क्षणी मोजणारी यंत्रं, उपग्रहाच्या वेळेवर चालतात. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे एका मिलिसेकंदाची चूक १८ अंशांची. दोन टोकांमधला कोन हळूहळू सरकतोय, पण लाइनवरचे मेगावॅट जागचे हललेले नाहीत? मग ग्रिडला काही झालेलं नाही, एका टोकाच्या घड्याळाचा उपग्रहाशी संपर्क तुटलाय. ॲन्टेना गाठा: पाणी शिरलेला कनेक्टर, नाहीतर समोर नव्याने उभी राहिलेली पाण्याची टाकी. आणि घटनांच्या नोंदीत बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला तर गोंधळून जाऊ नका, एक उपकरण जागतिक वेळेवर राहिलंय.

फॉल्ट लोकेटरवर आंधळा विश्वास

धुळे-नंदुरबारकडे सौर आणि पवन प्रकल्पांसाठी जुन्या लाइनी मधे तोडून नव्या सबस्टेशनात नेल्या जातात. याला सगळे लिलो (लूप इन, लूप आउट) म्हणतात. लिलो झालं की लाइनची लांबी बदलते. संरक्षणाच्या सेटिंग बदलल्या जातात, फॉल्ट लोकेटरमधली (बिघाड किती किलोमीटरवर आहे ते सांगणाऱ्या यंत्रातली) लांबी आणि टॉवरची यादी कधीकधी तशीच राहते. लोकेटर म्हणतो ३७ किलोमीटर, गस्तीची माणसं ३७ वर जाऊन उन्हात खांब मोजत बसतात, फॉल्ट तिसरीकडेच. तोवर गावातून फोन सुरू: 'लाइट कव्हय येई, भो?' दुहेरी सर्किटच्या लाइनीत शेजारच्या सर्किटच्या प्रभावानेही जमिनीशी झालेल्या फॉल्टचं अंतर चुकतं. म्हणून दोन्ही टोकांचे आकडे घ्या आणि लांबीशी बेरीज जुळते का ते पाहा.

एकाच ठिकाणी, दुपारच्याच वेळी लाइन ट्रिप होऊन लगेच परत लागत असेल, तर इन्सुलेटर बदलण्याआधी खालचं शेत बघा. कापूस उपटल्यावर पऱ्हाट्या पेटवतात, शहाद्याकडे उसाचं पाचट. जाळ आणि धूर तारांपर्यंत गेला की हवेचं इन्सुलेशन ढासळतं. शेतकऱ्याशी बोलून ढीग तारांखालच्या पट्ट्याबाहेर न्यायला सांगणं हा स्वस्त उपाय आहे.

रिलेचा तिसरा झोन

३० जुलै २०१२ ला उत्तर ग्रिड कोसळलं, त्याची सुरुवात बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइन ट्रिप झाल्याने झाली. लाइनवर फॉल्ट नव्हता. जादा भारालाच दूरचा फॉल्ट समजून तिसऱ्या झोनच्या रिलेने (पुढच्या लाइनींपर्यंतचे दूरचे फॉल्ट बघणाऱ्या राखीव संरक्षणाने) ब्रेकर उघडला. डायनॅमिक रेटिंगने लाइनमधून जास्त वीज न्यायचं ठरवलं, तर तिसऱ्या झोनची पोच आणि जादा भाराला फॉल्ट न समजू देणारी सेटिंग त्या नव्या भाराशी पुन्हा ताडून बघा. क्षमता वाढवणारे एका खोलीत आणि रिलेवाले दुसऱ्या खोलीत, असं असेल तर हे राहून जातं.

पासवर्डबद्दल थोडक्यात. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका, आरटीयूच्या लॅपटॉपला बाहेरचा पेनड्राइव्ह लावू नका, दुरुस्तीसाठी कंपनीला दिलेलं दूरचं प्रवेशद्वार काम संपल्यावर बंद करा. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी ऑपरेटरच्याच स्क्रीनवरून ब्रेकर उघडले होते, आणि कर्मचाऱ्यांना सबस्टेशनांत जाऊन ते हाताने लावावे लागले. तुमच्या यार्डातला ब्रेकर जागेवरून हाताने लावायला शिफ्टमधल्या किती जणांना येतं, ते एकदा विचारून बघा.