खाडीकाठी शरदातले पक्षीनिरीक्षण : या चुका टाळा

ठाणे खाडीवर पक्षी पाहायला निघणारे बहुतेक लोक डिसेंबरची वाट पाहतात, कारण खाडी म्हणजे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असे समीकरण त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. पहिली चूक इथेच होते. रोहितांचे मोठे थवे साधारणपणे नोव्हेंबरपासून जमू लागतात हे खरे. परंतु उत्तरेकडून येणारे, चिखलात चरणारे पक्षी ऑगस्टपासूनच उतरू लागतात आणि भाद्रपद-आश्विनात त्यांची वर्दळ जोरात असते. त्यांतले काही इथेच हिवाळा काढतात, तर काही थोडे दिवस चरून दक्षिणेकडे निघून जातात, आणि त्यांची भेट हुकली की ती वसंतातल्या परतीच्या प्रवासापर्यंत लांबते.

दुसरी चूक सर्वांत मोठी आहे, आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्यांची तक्रार बहुधा तिच्यातूनच जन्मते. जंगलात पहाटे गेले की पक्षी दिसतात, म्हणून खाडीवरही पहाटेच जायचे, असे ठरवले जाते. खाडीवरचा पक्षी घड्याळ पाळत नाही, तो पाणी पाळतो. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी दुर्बिणीच्या टप्प्याबाहेर पांगतात. उधाणाच्या भरतीला चिखलच पाण्याखाली जातो, त्यामुळे पक्षी मिठागरे, तळी आणि बांध गाठून विसावतात. पाहण्याची वेळ या दोन टोकांच्या मधली असते. पाणी चढत असताना ते पक्ष्यांना हळूहळू काठाकडे ढकलते, आणि ओहोट लागल्यावर काठालगतचा चिखल आधी उघडतो म्हणून भुकेले पक्षी तिथे आधी येतात. तेव्हा भरतीच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास हाताशी ठेवावेत. मुंबई बंदराचे भरतीचे वेळापत्रक सहज मिळते, पण खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, हे ऐरोली-भांडुपला जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. वेळापत्रक नसेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, तर अमावास्या-पौर्णिमेला मध्यान्हाच्या आसपास. अष्टमीच्या आगेमागे भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते. ती सारा चिखल झाकत नाही, म्हणून नवख्याने तिच्यावरही विसंबायला हरकत नाही.

उजेडाची दिशा न पाहता जागा निवडणे हीदेखील सर्रास होणारी चूक आहे. शिवडी आणि भांडुप खाडीच्या पश्चिम काठावर आहेत, त्यामुळे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि चिखलावरचा प्रत्येक पक्षी काळी सावली होऊन जातो. पूर्व काठावरच्या ऐरोलीच्या बाजूने नेमके उलट घडते. सकाळची भरती असेल तर पूर्वेचा काठ धरावा, दुपारची असेल तर पश्चिमेचा. ऑक्टोबरच्या उन्हात दहानंतर तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते. अशा वेळी स्पॉटिंग स्कोपचे (तिवईवरच्या एकनळी दुर्बिणीचे) विशालन वाढवले तर चित्र आणखी बिघडते, म्हणून ते कमी करून जवळचेच पक्षी पाहावेत.

या ऋतूत रंगावरून ओळख ठरवू नये. प्रौढ पक्षी विणीच्या तांबूस पिसांचे उरलेसुरले तुकडे अंगावर घेऊन येतात, तर मागाहून येणाऱ्या यंदाच्या पिल्लांची पिसे कोरी आणि फिकट कडांची असतात. त्यामुळे एकाच थव्यातले एकाच जातीचे पक्षी वेगवेगळे भासतात, आणि कर्ल्यू सँडपायपरसारखा पक्षी तर अर्धा करडा, अर्धा विटकरी दिसतो. चोचीची लांबी व वाक, पायांची उंची आणि चरण्याची लकब या गोष्टी पिसे झडली तरी बदलत नाहीत. आखूड चोचीचा चिखल्या चार पावले धावतो, थबकतो आणि टिपतो. छोटा टिलवा मात्र मान खाली घालून अखंड टोचत राहतो. पाणटिवळ्यांच्या (लांब चोचीच्या, चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांच्या) दोन जातींचा घोळ उडतानाच सुटतो : काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या पंखावर ठळक पांढरा पट्टा असतो, दुसऱ्याच्या नसतो. बदकांच्या थव्यात ‘सगळ्या माद्याच आहेत’ असे वाटले तर थांबावे, कारण थापट्या आणि भुवई बदक यांचे नर या दिवसांत माद्यांसारखेच मळकट असतात. पंख उघडल्यावर पुढचा भाग उजळ निळसर दिसला की नर ओळखू येतो. एवढे करूनही जात ठरली नाही तर नोंदीत ‘अनिश्चित’ लिहावे. चुकीच्या नावापेक्षा ती नोंद कितीतरी मोलाची असते.

भरतीला बांधावर विसावलेल्या थव्याजवळ छायाचित्रासाठी सरकणे मला सर्वांत गैर वाटते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला अंगावर चरबी साठवायची असते, आणि प्रत्येक अकारण उड्डाणाने त्याने खाल्लेले खर्ची पडते. माना उंचावल्या, चरणे थांबले, की अंतर संपले असे समजून मागे यावे. बहिरी ससाणा किंवा दलदल भोवत्या आल्याने थवा उठला तर आपण जागचे हलू नये; तो बहुधा फिरून परततो. तिवरांच्या रांगेपलीकडे चिखलात उतरू नये : माणूस मांडीपर्यंत रुततो आणि पाणी मागून चढत असते.

वातानुकूलित गाडीतून दुर्बीण बाहेर काढताच भिंगांवर बाष्प धरते. ती पुसत बसण्यापेक्षा पोहोचण्याआधीच गाडीतली थंड हवा बंद करावी. खाऱ्या हवेतून परतल्यावर भिंगे ब्रशने झटकून मगच ओलसर मऊ कापडाने टिपावीत. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर रंग, वरची-खालची जागा, डावा की उजवा पाय आणि वाचता आली तेवढी अक्षरे तिथल्या तिथे लिहून घ्यावीत व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावीत.