लिस्बनला राहायचं कुठे?

आईला घेऊन गेले तेव्हा फोटो बघून अल्फामा या जुन्या भागात खोली घेतली. गल्ली देखणी, पण टॅक्सी खालीच थांबली आणि पुढे बॅगा उचलून पायऱ्या. आईच्या गुडघ्यांनी दुसऱ्याच दिवशी हात टेकले.

म्हणून आधी चढ बघा, मग भाडं. हे शहर टेकड्यांवर वसलंय. नकाशावर पाच मिनिटं दिसतात, प्रत्यक्षात धाप लागते. फुटपाथवर मुठीएवढे पांढरे चुनखडीचे दगड बसवलेत, झिजून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की पाय सटकतो. ज्येष्ठ सोबत असतील तर बायशा भागात खोली घ्या. 1755च्या भूकंपानंतर हा भाग नव्याने आखला, त्यामुळे रस्ते सरळ आणि सपाट. बायशा-शियादु मेट्रो स्टेशनचे सरकते जिने तुम्हाला वरच्या शियादु भागात नेऊन सोडतात, चढ वाचतो.

बाइरु आल्तु भागात रात्री उशिरापर्यंत दारू आणि गप्पा रस्त्यावर चालतात. लहान मूल असेल तर नकोच. अल्फामात 12 जूनच्या रात्री सांतु आंतोनियुचा उत्सव असतो, तेव्हा झोप विसरा.

बजेट कमी असेल तर आंजुश किंवा अरोयुश हे भाग बघा. विमानतळावरून लाल मेट्रो, अलामेदाला उतरून हिरवी. पुढचंच स्टेशन अरोयुश. तिथून मार्तिम मोनिझ चौक जवळ, आणि त्या बाजूच्या दुकानांत डाळ-तांदूळ, मसाले मिळतात. आईला तिथं मूगडाळ दिसली, तेव्हा कुठे ती हसली.

बुकिंगआधी घरमालकाला एवढं लेखी विचारा: लिफ्ट आहे का, आणि गाडी दारापर्यंत येते का?