जाळी घालवायच्या आधी: झूमध्ये फोटो काढायला शिकणाऱ्यांसाठी

फोंड्याहून बोंडल्याला, म्हणजे गोव्यातल्या झूला, पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा मला एकच ट्रिक येत होती, लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ४ वर उघडायचं, प्राणी जाळीपासून लांब गेला की क्लिक, जाळी गायब. नवीन मुलंमुली मला अजून तेच विचारतात.

माझा एक बिबट्याचा फोटो होता, गोव्याबाहेरच्या एका झूमधला. मान वर, कान पुढे, जाळीचा मागमूस नाही, सगळे म्हणायचे शिकारीवर काय नजर आहे बघ. पुन्हा गेलो तेव्हा तिथल्या खायला घालणाऱ्या काकांना दाखवला, तर ते म्हणाले, "अरे बाबा, तो दाराकडे बघतोय, माझी बादली वाजली ना." तो फोटो मी परत कुठेच दिला नाही. जाळी पुसली आणि त्या नजरेचा अर्थच मी बदलून टाकला होता.

आता मी आधी अर्धा तास कॅमेरा बाहेरच काढत नाही, नुसता बघतो. प्राणी त्याच वाटेने, त्याच कोपऱ्यात वळून येरझारा घालतोय का, जमीन तिथे झिजलीय का. याला स्टिरिओटिपी म्हणतात, म्हणजे बंदिवासात लागलेली तीच तीच हालचाल. पण खायची वेळ झाली म्हणूनही काही प्राणी फिरतात, त्यामुळे वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा, एका फोटोवरून निकाल देऊ नका. हे दाखवायचं तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, शटर १/८ सेकंद, गज शार्प येतात आणि प्राणी पुसट. नाहीतर दोन पावलं मागे या, अॅपर्चर बारीक, एफ ११ करा, गज आणि डोळे दोन्ही दिसू द्या. मला तर त्या झिजलेल्या वाटेचा फोटोच सगळ्यात जास्त बोलणारा वाटतो, त्यात प्राणी नसला तरी. फ्लॅश अजिबात नको.

आणि कॅप्शनमध्ये 'बंदिस्त' हा शब्द लिहाच. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धेचा २००९ चा विजेता फोटो, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, तो बहुधा फोटोंसाठी पाळलेला लांडगा होता असं परीक्षकांचं मत झालं आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं, फोटोग्राफरने हा आरोप नाकारला तरी.

प्रत्येक पिंजरा म्हणजे छळ असंही नाही हां, फासात पाय गेलेला बिबटा परत रानात सोडता येत नाही कधीकधी. म्हणून तो तिथे कसा आला ते कर्मचाऱ्यांना विचारा, आणि तेही कॅप्शनमध्ये येऊ द्या.

बोंडला गुरुवारी बंद असतं, त्या दिवशी जाऊ नका.